थोरला पडला त्या दिवशी

गल्लीच्या टोकाला शेवटचं घर शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची. मूळची ती भावाच्या पोरांची आत्या. पण पोरांच्या मित्रांनी ते उचललं, मित्रांच्या आयांनी उचललं, आणि एक दिवस तिच्याहून वयानं मोठा असलेला किराणा दुकानदारही तिला आत्या म्हणून बसला. आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती म्हणाली, "बोल, भाच्या." तेव्हापासून तो तिच्याशी जरा जपूनच बोलायचा.

तिचं मशीन मागच्या खिडकीशी होतं. समोर टेकडी, टेकडीवर जंगल. डाव्या हाताच्या भिंतीपलीकडे धाकट्या भावाचा सुतारकामाचा कारखाना. दिवसभर रंधा, हातोडी, आणि अंगणात ओंडके चिरायला पेट्रोलवरची करवत. तो आवाज आत्याच्या इतका अंगवळणी पडला होता की तो थांबला तरच तिची मान वर व्हायची, "बाळ्या जेवायला गेला वाटतं." बाळ्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि त्याचं नाक पुसण्यापासून त्याचं लग्न लावण्यापर्यंत सगळं हिनंच केलं होतं. स्वतःचं लग्न त्यात राहून गेलं. कुणी हळहळलं की ती म्हणायची, "एक पुरुष वाढवला ना, आता दुसरा कशाला?"

आता जंगलाचं सांगायला हवं. ते कुणा एकाचं नव्हतं, सगळ्या वस्तीचं होतं. आत्याच्या लहानपणी ती टेकडी नुसती उघडीबोडकी होती. वर एकच झाड उभं. ते तरी का उरलं, तर त्याचं खोड इतकं अजस्र होतं की तोडणाऱ्यांच्या कुऱ्हाडी हरल्या. मग वस्तीतल्या थोरामोठ्यांनी ठरवलं, की टेकडीला हात म्हणून लावायचा नाही. बस्, एवढंच केलं. कुणी रोप लावलं नाही की पाणी घातलं नाही. त्या एका झाडाच्या सावलीत आधी गवत आलं, मग झुडपं, मग झाडं. बघता बघता जंगल टेकडी उतरून खाली आलं आणि आत्याच्या परसाच्या कुंपणाला टेकलं. वरच्या झाडाला लोक थोरला म्हणायचे. त्याच्या बुंध्याशी उभं राहून वर पाहिलं की माणूस आपोआप आवाज खाली आणायचा. तोंडाळ आत्यासुद्धा तिथं कुजबुजायची, आता बोला.

जंगल आलं तसे चोरही आले. राखणीला घराघराची पाळी असायची. पकडला गेला की दंड. लोक हसत दंड भरायचे आणि चार दिवसांनी पुन्हा कुऱ्हाड घेऊन जायचे. एका बैठकीत आत्याचं डोकं फिरलं. "दंड कसला घेताय, तिकीट लावलंय तुम्ही," ती म्हणाली. "ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर बसवा की एक दिवस. उजाडल्यापासून मावळेपर्यंत. हात रिकामे, फोन घरी. मी बसते राखणीला." सगळे हसले. म्हातारीचं मन राखावं म्हणून हो म्हणाले.

पहिला बसला तो रंगारी. झाडांच्या खोडांवर त्यानं दुकानांच्या जाहिराती रंगवल्या होत्या. सकाळभर चुळबुळ, दुपारी शिव्या, आणि मग हळूहळू त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. आत्या लांब एका दगडावर काज करत बसलेली. बोलायचं नाही असा तिनं नेम केला होता आणि तो पाळणं तिला किती जड गेलं असेल ते तिलाच ठाऊक. मावळतीला रंगारी उठला आणि त्यानं विचारलं, "आत्या, या मुंग्या रात्री झोपतात का हो?" पुढं आठवडाभर खोडांवरचा रंग तो स्वतः खरवडत होता. मग भट्टीसाठी लाकडं चोरणारा पाववाला बसला. ओढ्यात बांधकामाचा राडारोडा टाकणारा गवंडी बसला. गवंडी तर खाली आल्यावर दोन दिवस कुणाशी बोललाच नाही, बायको घाबरून आत्याकडे आली. तिथं वर नेमकं काय व्हायचं, ते आत्यालाही सांगता यायचं नाही. "मी काही करत नाही गं बाई. मीही नुसती बसते," एवढंच ती म्हणायची आणि हे सांगताना तिच्या अंगावर काटा यायचा.

त्या दिवशी राखणीची पाळी तिचीच होती. पण पडदे द्यायचे राहिले होते, म्हणून सकाळी ती आधी मशीनवर बसली. खिडकी आहे, कान आहेत, घटकाभरानं जाऊ. करवत चालू होती. रोजच चालू असायची. मध्येच ती थांबली आणि आत्याची मान वर झाली. पुढच्या क्षणी असा काही आवाज झाला की फळीवरचे कप नाचले. टेकडीच्या माथ्यावर, जिथं जन्मापासून हिरवं दिसत आलं होतं, तिथं आभाळ दिसलं.

ती धापा टाकत वर पोचली तेव्हा थोरला आडवा पडला होता. खाली आणखी कितीतरी झाडं चिरडली होती. मदतीला आणलेले दोघं मजूर पळून गेले होते. बुंध्याशी, हातात करवत घेऊन, केसांत भुसा, बाळ्या उभा होता.

"अरे, तू?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"ताई, ऐकून घे," तो म्हणाला. "एका हॉटेलवाल्याला लांबलचक टेबल हवंय. एकाच फळीचं, सांधा नको. जन्मभर मी तुकडे जोडत आलो गं. एवढी रुंद फळी मला पुन्हा कुठं मिळणार होती? आणि तो म्हातारा झालाच होता. कुजून पडला असता."

आत्याच्या मनात आलं, याच्या थोबाडीत द्यावी. आणि त्याच वेळी, याला कुठंतरी लपवावं असंही आलं. तोवर वस्ती वर येऊन पोचली होती.

दुकानदाराच्या हातात फोनच होता. "हे फांदी तोडणं नव्हे," तो म्हणाला. "पोलिसांना बोलवायचं. तुरुंगात जाऊ दे." पोलीस म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत होतं. असं झाड पाडणाऱ्याला आत जावं लागतं, कोर्टकचेऱ्यांत वर्षं जातात. जिनं आयुष्यात कुणापुढे मान तुकवली नव्हती तिनं दुकानदारापुढे हात जोडले.

"रंगाऱ्याला बसवलं, पाववाल्याला बसवलं. यालाही बसवा," ती म्हणाली.

"तुमचा भाऊ म्हणून?"

आत्याला खोटं बोलता येत नसे. "हो, माझा भाऊ म्हणूनही," ती म्हणाली. "आणि आज पाळी माझी होती. करवत मी ऐकली. मला वाटलं, अंगणात चाललीय."

दुकानदारानं फोन खिशात टाकला. तो म्हणाला, "बसू दे आजचा दिवस. मावळतीला आम्ही वर येतो. जसा आहे तसाच उठला, तर पोलीस. आणि तुमचं हे बसवणंही आजपासून बंद." लोक उतरून गेले.

बाळ्या बुंध्यासमोर बसला. आजवर जे बसले ते सावलीत बसले होते. याला सावली नव्हती, ती त्यानंच पाडली होती. सरकून बाजूच्या झाडाखाली बसायची त्याची हिंमत झाली नाही आणि आत्याही आपला दगड सोडून उन्हात येऊन बसली, लांबच. ऊन चढलं. बाळ्याचा चेहरा मख्ख. मधूनमधून त्याची नजर आडव्या खोडावर जायची आणि ती त्याला रांगत होता तेव्हापासून ओळखत होती, तो मनात माप घेत होता. दुपार टळली तरी तेच. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, की हे बसणं बहुतेक सगळं खोटं असावं, आपलंच काहीतरी खूळ.

ऊन उतरलं आणि लोक वर येऊ लागले. दुकानदार पुढे. त्यानं बाळ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि नकारानं मान हलवली.

तेवढ्यात बगळे आले.

रोजच यायचे. नदीकाठावरून, दिवसभर चरून, रात्री थोरल्यावर बसायला. खालून वस्तीला ते नेहमी टेकडीवर पांढरं काहीतरी उतरल्यासारखे दिसायचे, कुणी कधी नीट बघितलं नव्हतं. पहिला थवा आला आणि जिथं वरची फांदी होती तिथं पंख पसरून पाय पुढे काढून उतरू लागला. पायांखाली काहीच नव्हतं. फडफडत, ओरडत ते वर उडाले आणि पुन्हा तिथंच उतरू लागले. दुसरा थवा आला, तो खालच्या फांदीवर. मग शेकड्यांनी आले. प्रत्येकाला आपली जागा पाठ होती. कुणी शेंड्याशी, कुणी डावीकडे पार लांब पसरलेल्या डहाळीवर, कुणी खोडाजवळ. बसायला काही नसताना ते आपापल्या जागेभोवती घिरट्या घालत राहिले आणि बघता बघता त्या मावळत्या आभाळात, पांढऱ्या पंखांचा, सगळाच्या सगळा थोरला उभा राहिला. केवढा होता तो. त्याच्याखाली राहून कुणालाच कळलं नव्हतं तो केवढा होता ते. माणसं मान वर करून उभी होती. एका बाईनं हात जोडले आणि ते कुणाला जोडले हे तिलाही सांगता आलं नसतं. आत्या रडत होती. भावासाठी की झाडासाठी, कुणास ठाऊक. तिनं डोळेही पुसले नाहीत.

सूर्य गेला. आत्यानं भावाला म्हटलं, "झालं. ऊठ."

बाळ्या उठला नाही. तो वर बघत होता. "ताई," तो म्हणाला, "आता हे सगळे कुठं बसायचे?"



मग तो उठला आणि सरळ दुकानदारासमोर जाऊन उभा राहिला. "लाव फोन," तो म्हणाला.

दुकानदारानं फोन काढला खरा, पण त्याचा अंगठा चालेना. "राहू दे," तो पुटपुटला. "आत्याच्या तोंडाकडे बघून..."

"तिच्या तोंडाकडे बघूनच म्हणतोय."

आत्याला वाटलं, धावत जावं, तो फोन हिसकावून टेकडीखाली भिरकावून द्यावा. सकाळी हात जोडले होते, आता पाय धरावेत. ती दोन पावलं पुढे झालीही. भावानं तिच्याकडे पाहिलं. लहानपणी काही फोडलं की तो असाच समोर येऊन उभा राहायचा, आणि लपवलंस तर बघ, असं तिनंच त्याला शिकवलं होतं. ती होती तिथंच थांबली.

बाळ्यानं दुकानदाराच्या हातातून फोन घेतला. टेकडीवर झाड पाडलंय म्हणून सांगितलं, वस्तीचा पत्ता सांगितला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही साहेब," तो म्हणाला, "पळून नाही गेला. इथंच आहे. मीच बोलतोय."