बर्फाच्या डब्यातली वार
आईच्या रक्तात साखर जास्त असेल, तर वार, म्हणजे गर्भाला नाळेने पोसणारा अवयव, ती बाळाला देते की स्वतःजवळ साठवते, हा डॉक्टर म्हणून माझ्या संशोधनाचा प्रश्न होता. स्पिरिटच्या वासाने १९७२ सालची नागपूरची प्रसूतिशाळा आठवते. उमरेडच्या एका मधुमेही बाईचे बाळ जन्मले, पण रडले नाही. तपासणीसाठी वार मी लगेच बर्फाच्या डब्यात ठेवली. तिची सासू कळवळली, "डाक्टरीणबाई, बरफात काहून टाकून राहिल्या? शेका नं तिले, मंग पोराले जीव येते!" "आजी, नाळ कापली. आता शेकून उपयोग नाही." तिने त्या गार डब्यावर दोन्ही तळवे घट्ट दाबून धरले. बाळ गेले. वारेत साखर भरपूर साठलेली निघाली. एका वारेवरून नियम ठरत नाही, हे आजही मानते. याविषयीचे पुढचे संशोधन वाचकांनी स्वतः तपासून पाहावे.