ताप आलेलं वांगं

माझे सासरे, म्हणजे आमचे अप्पा, जळगावचे. दोन महिने राहायला म्हणून अबुधाबीला आले आणि आठवडा होतोय तोच चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "पोरी, बुधवारचं तिकीट काढ माझं."

बायकोचा चेहरा उतरला. सासूबाई गेल्यापासून अप्पा तिकडे एकटेच, जेवले तर जेवले. म्हणूनच तिने त्यांना हट्टाने आणलं होतं.

"काय कमी पडलं, अप्पा?"

"कमी काही नाही गं. चव नाही."

मी मनोमन शेला खांद्यावर टाकून रंगमंचावर उतरलो. खानदेशी माणसाला रोखायचा एकच उपाय: भरीत! पण अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये विजेची शेगडी. जाळ औषधालाही नाही. मी पडलो पुण्याचा. मला कसली अडचण? वांगं एअर फ्रायरमध्ये घातलं आणि घंटी वाजल्यावर थाटात अप्पांपुढे ठेवलं.

अप्पांनी चष्मा लावला. वांग्याला बोट लावून पाहिलं.

"जावईबापू, हे भाजलेलं नाही. याला ताप आलाय."

"ही इज राइट, डॅड," माझी लेक म्हणाली. घरभेदी!

शनिवारी मी गाडी काढली ती थेट दीड-दोन तासांवरच्या शारजात, रोल्लाच्या भारतीय बाजारात.

"वांग्यांसाठी शारजा?" बायको म्हणाली. "माझ्यासाठी कधी कोपऱ्यावर तरी गेलायस?"

पण तिथे जळगावच्या भरिताची असतात तशी हिरवट पांढरी, लांबोडकी वांगी मिळाली. रविवारी आम्ही सगळे बागेत गेलो, जिथे कोळशावर भाजायला परवानगी असते. आजूबाजूला मटणाचा घमघमाट आणि मध्ये आम्ही, वांगी घेऊन. शेजारच्या शेगडीवर एक लेबनीज आजोबा होते. पाहतो तर त्यांच्याही कोळशावर वांगी!

झालं. दोन म्हातारे एकमेकांची वांगी चाचपू लागले. ते अरबीत बोलत, अप्पा अहिराणीत. आजोबांनी आपल्या वांग्यांत तिळाचं वाटण घातलं, तेव्हा अप्पा मला हळूच म्हणाले, "बिचाऱ्याला कोणी शिकवलं नाही." मग स्वतः बाह्या सारून हिरव्या मिरच्या भाजल्या, लसणाबरोबर ठेचल्या, वर शेंगदाणे, कांद्याची पात घातली आणि पहिला घास आजोबांना दिला.

आजोबा लाल झाले. डोळ्यांतून धारा लागल्या. "खलास, हबीबी, खलास!" असं अरबीत 'बस, बस' म्हणत पाणी प्यायले आणि ताटली पुन्हा पुढे केली.

अप्पा असे हसले, की बायको भाकरी मोडायची थांबून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग ते स्वतः पोटभर जेवले. मी कौतुकाची वाट पाहत मान ताठ करून बसलो होतो. मिळालं नाही.

परतताना गाडीत मागून आवाज आला, "जावईबापू, निम्मी वांगी निबर होती. तुम्हाला निवडता येत नाहीत. पुढच्या शनिवारी मी येतो बरोबर."

शनिवारी! बायकोने आरशातून अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजरेनेच तिला बजावलं, बुधवारचं नाव काढू नकोस.

"निबर होतीच, अप्पा," मी म्हणालो. "मला काही कळत नाही."