तारेखालचा धागा

दुपारचे तीन. पाचला मुलं गिटार शिकायला येतील, तोवर जरा पाठ टेकावी म्हणून मी आडवा होतो. पंख्याची घरघर दूर दूर जाते. कोपऱ्यात गवसणी घातलेला तंबोरा उभा आहे. मिटत्या डोळ्यांना तो माणसासारखा दिसतो.

मग तो माणूसच असतो.

"काय मास्तर, झोपलाय व्हय?"

मौलाभाई. मिरजेत तंबोरे घडवायचे, माझे चाळीस वर्षांचे मित्र. गेल्या उन्हाळ्यात त्यांना खांदा दिला मी. मेलेल्याच्या हाकेला ओ देऊ नये, असं आई सांगायची. मी ओठ घट्ट मिटतो.

"बोलू नका. नुसतं या."

पाय आपोआप निघतात. दार उघडतं ते शाळेच्या व्हरांड्यात, जिथं मी तीस वर्षं गणित शिकवलं. व्हरांडा संपत नाही. वर्गावर्गांत मुलं गिटार वाजवताहेत, हात भराभर चालताहेत, पण आवाज नाही. पहिल्या बाकावर जीनत आहे, मौलाभाईंची नऊ वर्षांची नात, माझी विद्यार्थिनी. आज ती तंबोरा परत न्यायला येणार आहे. ती मला काहीतरी सांगते. ओठ हलतात, पण तिचाही आवाज नाही.

मौलाभाई आता जाब विचारणार, मला माहीत आहे.

विजेवरची गिटार हेच माझं वेड. स्पीकरची जाळी थरथरली पाहिजे, छातीत घुमलं पाहिजे. मौलाभाईंनी मोठ्या हौसेनं स्वतःच्या हातचा तंबोरा मला पाठवला. मी छेडला. ठण्. जीनतच्या देखत मी त्यांना म्हणालो, "तुमचं हे वाद्य मेलेलं आहे." आठ दिवसांत ते वारले.

वर्गाच्या आढ्याला आता भोपळे लोंबताहेत. हा त्यांचा कारखाना. भोपळे सावकाश श्वास घेतात. मौलाभाई पाठमोरे बसलेत.

"माझे धागे कुठायत, मास्तर?"

"कसले धागे?"

बोलून गेलो. ओ दिली मी.

"चार तारांखाली चार होते की."

आणि मला आठवतं. सुताचे बारीक तुकडे. छेडण्याआधी, बांधाबांधीतला कचरा समजून मी ते एकेक करून ओढून काढले होते.

"मी... साफ केलं."

भोपळ्यांचा श्वास थांबतो. मौलाभाई वळतात. त्यांच्या तोंडाकडे बघायचा मला धीर होत नाही. गार हात माझं बोट पकडतो. आता हे मला नेणार.

"बरं झालं डॉक्टर झाला नाहीत. पोटातलं सगळं कचरा म्हणून काढलं असतंत."

मला हसू येत नाही. माझ्या चिमटीत ते धागा देतात, तार आणि ती जिच्यावर टेकते ती घोडी यांच्यामध्ये घालायला लावतात.

"सरकवा."

ठण्.

"नाही जमत मला."

"पोरांना काय सांगता अशा वेळी?"

"पुन्हा. सावकाश."

"मग?"

मी केसभर सरकवतो. ठण्. अजून केसभर. आणि आवाज उमलतो, त्याला खरखरीत कडा फुटतात, तो माझ्या बरगड्यांत शिरून थरथरत राहतो. हीच थरथर जन्मभर मी स्पीकरच्या जाळीत शोधली. इथं वीज नाही. एवढासा धागा आहे.

भीती गेलेली नाही. तरी मी कान तारेजवळ नेतो.

"पोरीला ऐकवा," मौलाभाई म्हणतात. बोटावरची पकड आवळत जाते. "तुमचं बोलणं तिनं खरं मानलंय. तिला वाटतंय, मी मेलेलं वाद्य करून ठेवलं."

"मौलाभाई, दुखतंय—"

जाग येते. अंग घामानं भिजलंय. पाचला दहा कमी. पंखा घरघरतोय. बोट अजून ठणकतंय. बघतो तर त्याच्याभोवती पांढरा सुती धागा करकचून गुंडाळलेला, टोक काळंनिळं पडलेलं.

फाटक वाजतं.

"सर, तंबोरा न्यायला आले! अब्बू कोपऱ्यावर रिक्षात थांबलेत."

"थांबू देत त्यांना. तू आत ये, जीनत. बस इथं."

मी धागा सोडवतो. धागा एकच आहे, एका तारेपुरता. मी गवसणी काढतो.