हे बरं की हे?

चष्मेवाल्यांच्या दुकानात रोज एखादं तरी गिऱ्हाईक समोरच्या तक्त्याला नावं ठेवायचं. "अक्षरंच पुसट छापलीत हो!"

"अक्षरं चांगली ठसठशीत आहेत," चष्मेवाले म्हणायचे. "डोळ्यांचं बघू." मग एकेक भिंग बदलत विचारायचे, "हे बरं की हे?" या प्रश्नापुढं भल्याभल्यांची मात्रा चालत नाही, असा त्यांचा अनुभव.

घरी मात्र न्याय वेगळा. दुकान बंद करून आले की ते व्हायोलिन घेऊन बसत, आणि गेली बावीस वर्षं त्यातून गंजलेल्या बिजागरीचा आवाज निघत होता. पाच मिनिटांत गज खाली ठेवून ते म्हणत, "वाद्यच हलकं, त्याला मी काय करणार?" वाद्य लग्नात मामांनी दिलेलं, आणि मामांचा हात पहिल्यापासून आखडता. बायको भाजी निवडता निवडता "हं" म्हणायची. त्या एका "हं"वर घरात एक थोर वादक टिकून होता.

एक दिवस कळलं, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे शंभर वर्षांचं व्हायोलिन विकायला आलंय. चष्मेवाल्यांना हर्षवायू व्हायचा तेवढा बाकी राहिला. मामांचं वाद्य बदल्यात देऊन टाकायला घेतलं, आणि साक्षीला बायको.

म्हाताऱ्याच्या खोलीत सरसाचा वास भरला होता. जुन्या व्हायोलिनची हनुवटीनं झिजलेली कड पाहूनच चष्मेवाले विरघळले. "बघितलंस? लाकूड कसं मुरलंय!"

"वाजवून बघा ना," म्हातारा म्हणाला.

"नको, तुम्हीच वाजवा," चष्मेवाले घाईघाईनं म्हणाले.

"मग भिंतीकडे तोंड करा. वाद्य कानांनी घ्यावं. तुमचंही वाजवतो, म्हणजे फरक कळेल."

एकच सुरावट दोनदा वाजली. "हं, हे बरं की हे?"

आपलाच प्रश्न ऐकून चष्मेवाले दचकले, पण उत्तर सोपं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून मान डोलावली होती. "दुसरं! शंभर वर्षं बोलतायत त्यातून!"

ते वळले. म्हाताऱ्याच्या हातात मामांचं व्हायोलिन होतं.

"गज तुमचा वापरलात?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुमचाच."

"तारा बदलल्या असतील."

"नुसत्या सुरात लावल्या. देणाऱ्याला पारख होती बरं का!"

बायको हसली असती तर परवडलं असतं. ती चपला शोधत राहिली.

आठ दिवस पेटी खाटेखाली होती. दुकानात कुणी अक्षरांना नावं ठेवली की चष्मेवाले म्हणत, "असतील बुवा पुसट." जेवण जाईना. आपल्याला वाजवताच येत नाही, ही गोष्ट बावीस वर्षांची थकबाकी घेऊन एकदम अंगावर आली होती.

रविवारी दुपारी बायकोनंच पेटी काढली, पुसली, त्यांच्यापुढं ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. त्यांनी नाइलाजानं गज फिरवला. तीच बिजागरी! सवयीनं "वाद्यच..." एवढं तोंडातून गेलं, आणि त्यांनी गज खाली ठेवला.

"हवा किती दमट आहे हो आज!" आतून बायको म्हणाली. "अशा हवेत कुणाचं वाद्य बोलणार?"

चष्मेवाल्यांनी खिडकीतून पाहिलं. लख्ख ऊन पडलं होतं, दोरीवरचे कपडे वाळून कडक झाले होते.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा गज उचलला.