कोणी न राहिलेलं घर

अत-बाशीच्या खोऱ्यात कलिचाआपाची एकाच अंगणात दोन घरं होती. एक मातीचं, पाठीत वाकलेलं. त्याच घरात ती नांदायला आली, तिथंच तिला पाच लेकरं झाली, आणि तिथूनच तिनं नवऱ्याला शेवटचा निरोप दिला. दुसरं निळ्या पत्र्याचं. शेंडेफळ एर्मेकनं रशियातून पैसे पाठवून ते बांधलं होतं. रीतीनं आईबापाचं घर धाकट्या लेकाचं, म्हणून नव्या घरातली पहिली रात्र त्याची आणि सुनेची, हे आपानं ठरवून टाकलं होतं. रोज ती तिथली जाजमं झटकी, गोधड्यांची चळत सारखी करी आणि झोपायला मातीच्या घरात परत येई. एर्मेक दर वर्षी फोनवर ‘येत्या उन्हाळ्यात’ म्हणे. त्याची पोरं मात्र तिकडचीच भाषा बोलू लागली होती.

मग देशभर घरांची आणि माणसांची मोजणी सुरू झाली. गावातलं ते काम शेजारच्या सुनेकडे, बुरमाकानकडे होतं. ती आली, मिठाचा चहा प्याली, आणि अवघडून म्हणाली,

“आपा, निळ्या घरात कोण राहतं?”

“एर्मेक.”

“तो तिकडे रशियात, इर्कुत्स्कला राहतो. वर्षाहून जास्त बाहेर असलेल्याला धरत नाहीत.”

“मग मला धर.”

“तुम्हाला इथं धरलंय. दोन्हीकडे लिहायला तुम्ही काय जुळ्या आहात?”

“तुझ्या सासूला विचार. ती म्हणते, मी एकटी चौघींना भारी आहे.”

बुरमाकान हसली, पण तिचा हात पुढे सरकेना. “रिकामं लिहावं लागेल, आपा.”

आपाचा चेहरा उतरला. त्या खोऱ्यात बायका भांडणात शेवटी एकच शाप देत: तुझं घर ओस पडो. तोच शाप आता लेकाच्या घामाच्या घरावर लिहिला जाणार होता.

“खोटं लिही.”

“लिहिलंही असतं. पण या गल्लीत आठ घरांना कुलपं आहेत. बाकीच्या आयांना काय सांगू?”

आपानं दारातून निळ्या पत्र्याकडे पाहिलं. घरं दोन, बाई एक. कुठलं तरी एक ओस राहणारच होतं. आपण निळ्या घरात गेलो, तर पहिली रात्र आपली होईल. मग एर्मेकची वाट पाहायला उरणार तरी काय?

“जुनं रिकामं लिही,” ती म्हणाली.

“आपा, नीट विचार करा.”

“केला. या भिंतींनी बारसं पाहिलं, मयत पाहिलं. त्यांचं पोट भरलंय. त्या बिचाऱ्या घरानं अजून कुणाचं घोरणंसुद्धा ऐकलेलं नाही.”

तिनं अंथरूण गुंडाळलं. बुरमाकाननं किटली उचलली. दोघी अंगण ओलांडून गेल्या. नव्या चुलीत गोवऱ्या रचायला आपा खाली बसली.

“घरात माणसं किती?” बुरमाकाननं हळूच विचारलं.

“एक,” आपा म्हणाली, आणि तिनं काडी ओढली.