आपोआप बंद झालेला नळ

काल मुलीच्या मोबाईलवर ती जुनी विनोदी मालिका दिसली आणि माझं डोकं पुन्हा सणकलं. ती पहिल्यांदा पाहिली ते माझ्या लहानपणीचं दुष्काळाचं साल होतं. केजकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीच्या खोलीत गावाचा एकुलता एक टीव्ही होता. जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध बंद, तरी रिकाम्या कॅनांचा आंबूस वास तिथं भरून असायचा. मालिकेतली बाई नळ तसाच सोडून नवऱ्याशी भांडायला वळली. बादली भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं आणि खोलीतल्या बायका पुढे सरकून बघायला लागल्या. पुढच्या क्षणी नळ बंद, फरशी कोरडी, आणि टीव्हीतली न दिसणारी माणसं खदखदा हसली. माझी चुलती ताडकन उठली. "नळ कुनी बंद केला? फरशी कुनी पुसली?" सोसायटीचे चेअरमन खुर्चीतून हसले. "शूटिंग हाय ते, वैनी. मधलं कापून टाकतेत. तुमी कावून तापता?" चुलती म्हणाली, "भावजी, तुमी बी तेच करता की. सकाळी म्हणलात टँकर येणार, आता म्हणता येऊन गेला. आमी दिसभर हिरीवर घागरी घेऊन बसलो, आमाला टँकर दिसला न्हाई. तुमच्या मोसंबीची आळी तेवढी वली हायत. मधलं कुटं कापलं?" चेअरमननी उठून टीव्हीच बंद केला. काल तो प्रसंग आला तेव्हा मुलगी म्हणाली, "चूक राहिली असेल त्यांची." मी म्हटलं, "चूक नाही. बघणारे हसतात, विचारत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं."