उडवलेले ठिपके

गाडीने निडी स्टेशन सोडलं तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मांडीवर ब्रेलचं जाडजूड पुस्तक, आणि तिकडे पेणला एक अंध मुलगी त्याची वाट बघत बसलेली. सोमवारी तिची टायपिंगची परीक्षा. पास झाली तर ऑफिसात नोकरी, नाहीतर आहेच गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारणं.

वरसे गावात घरी बसून मी इंग्रजी पुस्तकं ब्रेलमध्ये करते. ब्रेलमध्ये कॅपिटलचं अक्षर वेगळं नसतं. अक्षराच्या आधी एक सुटा ठिपका द्यायचा, की पुढचं अक्षर मोठं. अख्खा शब्द मोठा असेल तर तो ठिपका दोनदा. मराठीत ही भानगडच नाही.

पहिल्या भेटीत मी या मुलीची बोटं हातात घेतली होती. घासून घासून खरखरीत झालेली. अगं बाई, या बोटांना कशाला एवढा ताप, असं वाटलं आणि कॉम्प्युटरवर एका फटक्यात कॅपिटलचे सगळे ठिपके उडवले. वर स्वतःवरच खूश! मग सहा वर्षं प्रत्येक पुस्तकात तेच.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. सराव परीक्षेत तिने इंग्रजी पत्र टाइप केलं, त्यात एकही कॅपिटल नाही. स्वतःचं नावसुद्धा लहान अक्षरात.

"शिफ्ट दाबायची म्हायती हाय काकू, पण कुठं दाबायची ते पुस्तकात कधी हाताला लागलंच नाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस जेवणखाण विसरून तिचं टायपिंगच्या सरावाचं पुस्तक ठिपक्यांसकट पुन्हा केलं.

तिच्या घरी पोचले. चहा नको, पाणी नको म्हटलं आणि पुस्तक तिच्यापुढे ठेवून सगळं कबूल केलं. तिची बोटं ओळीवरून सरकायची, अडायची, मागे यायची. मला काही बसवेना.

"जड जातंय का गं? तुझी बोटं बघून मला वाटलं..."

"मला इचारायचं तरी." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

तिने पान शेवटपर्यंत वाचलं. मग पुस्तकावर हात तसाच ठेवून म्हणाली, "आणि काय काय गाळलंत काकू?"

"चित्रांखालचा मजकूर," मी म्हटलं.

"अजून?"

मी खाली बसले आणि एकेक सांगायला लागले.